‘मॅडम, कोकेन देणार का हो?’ : भूलतज्ज्ञांशी प्रश्नोत्तरे

या खेपेच्या बऱ्याच पत्रांत एकच धास्ती आहे : ऑपरेशनच्या वेळी सुन्न करण्यासाठी जे टोचतात, त्यात नशेचं काही असतं का? म्हणून तीच पत्रं आधी घेतली आहेत.

माझ्या मुलाच्या नाकाचा पडदा वाकडा आहे, बेळगावात ऑपरेशन ठरलंय. त्याचा चुलतभाऊ मोबाइलवर वाचून सांगतो की नाकाच्या ऑपरेशनला कोकेन वापरतात. सासूबाई तर ऑपरेशनच नको म्हणून बसल्यात. खरं काय? – एक आई, नंदगड

ताई, पोरगा वाचतोय ते खोटं नाही, पण ते आपल्याकडचं नाही. अमेरिकेत नाकात लावायच्या चार टक्के कोकेनच्या द्रावणाला २०१७ साली रीतसर मंजुरी मिळाली. कोकेन एकाच वेळी दोन कामं करतं. जागा बधिर करतं आणि रक्तवाहिन्याही आकसवतं. नाकाचं अस्तर रक्ताने भरलेलं असतं, जरा हात लागला की वाहू लागतं. तिथे हे दोन्ही गुण एका औषधात मिळणं सर्जनला सोयीचं वाटायचं.

खरं तर जागा बधिर करून ऑपरेशन करण्याची सुरुवातच कोकेनपासून झाली. १८८४ साली व्हिएन्नातल्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने आधी प्राण्यांच्या आणि मग स्वतःच्या डोळ्यात कोकेनचे थेंब घातले, बुबुळाला टाचणीचं डोकं लावून पाहिलं. काहीच जाणवलं नाही. तोवर डोळ्याचं ऑपरेशन म्हणजे जागं माणूस धरून ठेवायचं, असा प्रकार होता. पण त्याच सुमारास अमेरिकेतला विल्यम हॉलस्टेड हा नावाजलेला सर्जन नसा बधिर करण्याचे प्रयोग स्वतःवर करता करता कोकेनच्या पुरता आहारी गेला. औषध उत्तम, पण सवय लावणारं आणि हृदयावर ताण आणणारं. म्हणून बधिर करण्याचा गुण राखून नशेचा गुण नसलेलं औषध शोधायची धडपड सुरू झाली. १९०५च्या सुमारास प्रोकेन आलं आणि १९४३ साली स्वीडनमध्ये लिग्नोकेन तयार झालं. आज दातवाल्या डॉक्टरांपासून टाके घालणाऱ्यांपर्यंत सगळे वापरतात ते हेच.

मी ज्या ज्या थिएटरात काम करते, तिथल्या कपाटात कोकेन नसतं. तुमच्या मुलाच्या नाकात बहुधा लिग्नोकेन आणि रक्तवाहिन्या आकसवणारं औषध यांत भिजवलेली कापडी पट्टी काही मिनिटं ठेवतील. पूर्ण भूल दिली तरीही ठेवतात, कारण रक्त कमी जातं. सासूबाईंना सांगा, याने सवय लागत नाही. मुलाला आधी कधी हृदयाचा त्रास झाला असेल तर तो मात्र न विसरता सांगा.

बाबा ७४ वर्षांचे. पडून खुब्याचं हाड मोडलं, कमरेत इंजेक्शन देऊन ऑपरेशन झालं. बिलावर ‘फेंटानिल’ दिसलं. भाऊ म्हणतो, परदेशात याने हजारो माणसं मरतात. बाबा त्या दिवशी सारखं नाक खाजवत होते. सवय लागेल का? – एक मुलगा, चिक्कोडी

नाही लागणार. नाक खाजणं हा याच औषधाचा ओळखीचा परिणाम आहे. काही तासांत जातो.

कमरेतल्या भुलेत मुख्य औषध असतं बुपिव्हाकेन, साधारण दोन-तीन मिली. त्यात आम्ही कधीकधी फेंटानिल या जोरदार वेदनाशामकाचा लहानसा डोस मिसळतो. अँप्युल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, दोन मिलीची, तिच्यात १०० मायक्रोग्रॅम औषध. त्यातलं अर्धा मिली किंवा त्याहूनही कमी आम्ही घेतो. एक मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. फेंटानिल मॉर्फिनच्या जवळजवळ शंभरपट जोरदार आहे, म्हणून मोजमापही तितकंच बारीक. ते मिसळलं की बुपिव्हाकेन कमी लागतं आणि म्हाताऱ्या माणसाचं बीपी एकदम खाली येत नाही. बाबांना ते दिलं असेल ते याच हिशेबाने.

परदेशात माणसं दगावतात ती मुख्यतः चोरून बनवलेल्या, किती जोराचं आहे हे कुणालाच ठाऊक नसलेल्या फेंटानिलने. श्वास मंदावतो आणि बघायला शेजारी कुणी नसतं. थिएटरात बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा असतो, उतारा म्हणून नॅलोक्सोन असतं आणि आम्ही उशाशी बसलेलो असतो. फेंटानिल कुलपात असतं. कुणाच्या नावावर किती काढलं, किती दिलं, उरलेलं कसं टाकलं, हे रजिस्टरात लिहून सही करावी लागते. अमली पदार्थांचा १९८५चा कायदा २०१४ साली बदलला, तो मॉर्फिन, फेंटानिल अशी सहा वेदनाशामकं गरजू रुग्णांपर्यंत सहज पोचावीत म्हणूनच. कायदा केंद्राचा आहे. बेळगावात जो, तोच कोल्हापुरात.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. खुबा मोडलेली म्हातारी माणसं दुखणं सोसत पडून राहतात, कारण घरच्यांना वाटतं जोराचं औषध नको, सवय लागेल. सोसल्याने काहीही भलं होत नाही. दुखतंय म्हणून माणूस खोकत नाही, कफ साचतो, न्यूमोनिया होतो. हलत नाही, तर पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. ऑपरेशनची वाट पाहतानासुद्धा जांघेजवळची नस बधिर करून दुखणं खूप कमी करता येतं. पुढे कुणावर ही वेळ आली तर तसं करता येईल का, हे भूलतज्ज्ञांना स्वतःहून विचारा.

दाढेला पू झालाय. डॉक्टरांनी दोनदा इंजेक्शन दिलं तरी सुन्न झालं नाही, म्हणाले गोळ्या घेऊन चार दिवसांनी या. औषध भेसळीचं होतं का? – निपाणी

भेसळीची शंका मनातून काढा. पू झालेली जागा आम्लधर्मी होते आणि अशा ठिकाणी लिग्नोकेन नसेच्या आत नीट शिरतच नाही. कधीकधी दाढेपासून दूर, मागे जिथून नस येते तिथे टोचून काम भागतं. नाही भागलं तर तुमच्या डॉक्टरांनी केलं तेच योग्य. मात्र गाल सुजत गेला, तोंड उघडेना किंवा गिळताना त्रास होऊ लागला, तर चार दिवस थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

मी कुस्ती करतो, सैन्यभरतीचीही तयारी चालू आहे. मागच्या आठवड्यात अंगठ्याला टाके पडले, सुन्न करायचं इंजेक्शन घेतलं. तालमीतले म्हणतात, लघवीच्या तपासणीत ड्रग म्हणून येईल. – येळ्ळूर

येणार नाही. कोकेनच्या तपासणीत शोधतात ते शरीरात कोकेन मोडून तयार होणारं द्रव्य. लिग्नोकेनपासून ते तयारच होत नाही. खेळाडूंच्या उत्तेजक तपासणीतही लिग्नोकेनसारख्या बधिर करणाऱ्या औषधांना मनाई नाही. कोकेनला स्पर्धेच्या काळात आहे. टाके घातलेल्या दवाखान्याचा कागद मात्र जपून ठेवा. आणि टाके निघेपर्यंत मातीत उतरू नका. लाल मातीत जखम चिघळली तर भरतीची तारीख हातची जाईल.

माझे मिस्टर रोज पितात, तोंडात गुटखाही असतो. हर्नियाचं ऑपरेशन आहे. पिणाऱ्याला भूल चढत नाही म्हणतात. डॉक्टरांना सांगायला त्यांना लाज वाटते. – संकेश्वरजवळून

ताई, कमरेत किंवा नसेजवळ दिलेलं औषध पिणाऱ्याच्याही नसेवर तसंच काम करतं. गुंगीची औषधं मात्र अशा माणसाला कमीजास्त लागतात. खरा धोका वेगळाच आहे. रोज पिणारा माणूस दवाखान्यात दाखल झाला की दारू एकाएकी तुटते. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, माणूस भ्रमात बडबडतो, कधी झटकेही येतात. सगळे म्हणतात, भुलेने डोकं फिरलं. आधी सांगितलं तर औषधं देऊन हे टाळता येतं. म्हणून ऑपरेशन आहे असं बघून घरच्या घरी एकदम बंद करू नका. डॉक्टरांशी बोलून करा.

गुटख्याचंही तसंच. तपासताना मी रुग्णाला म्हणते, तोंड उघडा, तुमची तीन बोटं उभी आत घाला. गुटखा खाणाऱ्या कित्येकांची दोनसुद्धा जात नाहीत, गालाची आतली कातडी चामड्यासारखी घट्ट झालेली असते. अचानक पूर्ण भूल द्यावी लागली तर श्वासाची नळी घालायची कशी, याची तयारी मला आधी करावी लागते.

गांजा किंवा आणखी काही घेत असतील तर तेही सांगायला लावा. कोकेन घेतलेल्या माणसाला बधिर करणाऱ्या औषधात रक्तवाहिन्या आकसवायला मिसळलेलं अ‍ॅड्रेनॅलिन घातक ठरू शकतं. चारचौघांत बोलायला लाज वाटत असेल तर त्यांनी म्हणावं, ‘मॅडम, एकट्याला बोलायचंय.’ आम्ही नातेवाइकांना बाहेर बसवतो. ऐकलेलं उपचारांपुरतंच राहतं.

आईच्या ऑपरेशनचं संमतीपत्र कन्नडमध्ये आहे. घरात कुणाला नीट वाचता येत नाही. सही करावी का? – खानापूर तालुका

समजल्याशिवाय करू नका. बेळगावच्या बहुतेक दवाखान्यांत मराठी बोलणारी एखादी सिस्टर किंवा वॉर्डबॉय असतोच. कागद मराठीत समजावून सांगा म्हणणं हा तुमचा हक्क आहे, त्यात कुणी रागावायचं कारण नाही. तीन गोष्टी नक्की विचारा : भूल कमरेत की पूर्ण, कमरेतली नीट लागली नाही तर पुढे काय, आणि रात्री दुखलं तर काय देणार. आईचं पूर्वी गडहिंग्लजला किंवा कोल्हापूरला ऑपरेशन झालं असेल तर तिथलं डिस्चार्ज कार्ड घेऊन या. ‘मागे इंजेक्शनने छातीत धडधडलं होतं’ असं पुष्कळ जण सांगतात. ती बहुतेक वेळा अ‍ॅलर्जी नसते, अ‍ॅड्रेनॅलिनचा परिणाम असतो. पण ते कार्ड बघूनच ठरवता येतं.