पंपाचा अर्ज आज करा, पैसा मात्र आधी नळ्यांत घाला

भाऊ, तुमचं म्हणणं असं की यवतमाळकडे साडेचार एकर वावर आहे, विहिरीला पाणी आहे, विजेची लाईन नाही, डिझेल इंजिनवर ओलित चालतं. सौर पंपाचे पैसे आता भरावे, की पुढच्या निवडणुकीत आणखी काही फुकट मिळेल म्हणून थांबावं?

थांबू नका. अर्ज आजच करा. पण मंजुरी येईपर्यंत जो पैसा जमेल तो ठिबकमध्ये घाला.

२०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला. त्या उन्हाळ्यात आमच्या गावात जेवढं ठिबक आलं, तेवढं आधीच्या पाच वर्षांत आलं नव्हतं. पाणी वाचवा म्हणून कोणी भाषण दिलं नव्हतं, कास्तकाराच्या हातात पैसा होता एवढंच. मग भाव उतरले आणि नळ्यांची बंडलं दुकानातच पडून राहिली. २०२५ मध्ये तर १९ ऑगस्टला केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, ते डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमका आपला कापूस घरात यायच्या वेळी. लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, पण दारात आलेला व्यापारी ओलावा दाखवून त्याच्या बराच खाली मागत होता. मी जुन्या नळ्या बदलणार होतो, ते राहूनच गेलं.

आता फुकटाचं. जुलै २०२४ मध्ये, विधानसभेच्या चार महिने आधी, साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना पाच वर्षं मोफत वीज जाहीर झाली. मलाही फायदा झाला, नाही म्हणत नाही. पण शेजारचा आता ऑटो (वीज आली की पंप आपोआप सुरू करणारा स्विच) लावून झोपतो. सकाळी पऱ्हाटीत, म्हणजे उभ्या कापसात, घोटाभर चिखल, धुरा (बांध) फुटून पाणी नाल्यात, आणि मार्चमध्ये त्याचीच विहीर तळ दाखवते. बिल तो आधीही भरत नव्हता म्हणा, पण थकबाकीच्या नोटिशीचा थोडा तरी धाक होता.

सौर पंपाचंही तसंच. डिझेल वाचतं, रात्रीची जागल वाचते, पण ऊन फुकट म्हटल्यावर दिवसभर उपसा चालतो. विहीर वाचते ती ठिबकनेच. शिवाय तुमचं इंजिन कमी तास चालेल, तो फायदा पहिल्याच हंगामात दिसेल.

कागदावर अल्पभूधारकाला ठिबकचं ८० टक्के अनुदान आहे. पण आधी पैसे आपण घालायचे. माझं अनुदान खात्यात यायला चौदा महिने लागले, तोवर दुकानदाराच्या उधारीवर व्याज चढत होतं. म्हणून सगळ्या वावराला एकदम नको, यंदा दोन एकर करा. अनुदानाची पूर्वसंमती हातात आल्याशिवाय नळी विकत घेऊ नका, नाहीतर अनुदानही बुडेल.

'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत आपला हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ५. तुमच्या क्षेत्राला ५ एचपी बसतो. पाच वर्षं दुरुस्ती पुरवठादाराकडे असते, तरी माझ्या भावाच्या सौर पंपाचा कंट्रोलर चण्याच्या ऐन ओलितात बंद पडला तेव्हा सतरा दिवस कोणी फिरकलं नाही. तक्रार फोनवर न करता लेखी करा. आणि सकाळी ऊन मंद असताना दाब कमी पडतो, म्हणून ठिबकचे वॉल्व्ह अर्ध्या-अर्ध्या एकराला ठेवा.

सौर प्रकल्पाला जमीन दिली तर एजंट वर्षाला एकरी पन्नास हजार भाडं सांगतो म्हणालात. सबस्टेशनजवळ भाड्याच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारायच्या सौर कृषी वाहिनी योजनेचा सरकारी दर वर्षाला हेक्टरी सव्वा लाख आहे, दरवर्षी ३ टक्के वाढ, म्हणजे आकडा खोटा नाही. कोरडवाहू कापसात एवढं उरतही नाही. पण विहिरीखालची काळी जमीन त्यात घालू नका, मुरमाड तुकडा असेल तर पाहू. सबस्टेशन किती लांब आहे ते कळवा.