घोटा जोडला, आता चालायचे कसे?

प्रश्न : माझे वय ५६ वर्षे आहे. तरुणपणी घोट्याचे हाड मोडले होते. त्यातून पुढे सांधा झिजत गेला आणि साडेचार महिन्यांपूर्वी घोटा जोडण्याची शस्त्रक्रिया करावी लागली. हाड व्यवस्थित जुळल्याचे एक्स-रे पाहून डॉक्टरांनी सांगितले आहे आणि जुने ठणकणेही खरोखरच थांबले आहे. तरीही मी लंगडते, संध्याकाळपर्यंत पाऊल सुजते, जिना उतरताना भीती वाटते आणि अनवाणी तर दोन-चार पावले टाकणेही कठीण होते. घोटा पुन्हा हलू लागावा म्हणून मी रोज हाताने पाऊल वर-खाली ओढते, पण फरक पडत नाही. माझे काय चुकते आहे?

उत्तर : पाऊल ओढण्याचा तो व्यायाम आधी थांबवावा. या शस्त्रक्रियेत नडगीचे हाड आणि त्याच्या खालचे टेलस हे हाड यांच्यामध्ये उरलेली कूर्चा काढून टाकतात, दोन्ही हाडे स्क्रूने किंवा प्लेटने आवळून धरतात आणि मोडलेले हाड सांधते तशी ती एकमेकांशी सांधू देतात. तुमच्या एक्स-रेमध्ये हाड जुळलेले दिसते, याचा अर्थच असा की तेथे आता सांधा उरलेला नाही. त्या जागची हालचाल परत यायची नाही, कारण वेदना त्या हालचालीतूनच निर्माण होत होती आणि ती बंद करण्यासाठीच शस्त्रक्रिया केली गेली. रुग्णाला हे आधी सांगितलेले असते. परंतु वर्षानुवर्षे दुखणे सोसलेल्या माणसाच्या लक्षात ‘दुखणे थांबेल’ एवढेच राहते, असा माझा अनुभव आहे.

तुम्हाला परत मिळवायचे आहे ते चालणे. घोट्याचे हलणे नव्हे. पाऊल केवळ घोट्यावर हलत नाही. घोट्याच्या खालच्या सांध्यामुळे ते आत-बाहेर कलते, तर कमानीजवळच्या लहान सांध्यांमुळे त्याला वर-खाली थोडी हालचाल मिळते. हे सांधे शाबूत असतील, तर पुढील काही महिन्यांत ते घोट्याच्या कामाचा काही भाग आपल्याकडे घेतात. उरलेले काम गुडघा, खुबा आणि बूट यांनी मिळून करायचे असते.

लंगडणे कोठून येते, हे समजून घेतले तर सुधारणा सोपी होते. चालताना टाच टेकते, मग टेकलेल्या पावलावरून नडगी पुढे झुकते आणि शेवटी टाच उचलली जाते. घोटा जोडलेला असला की यातला मधला टप्पा नाहीसा होतो. मग शरीर आपल्या परीने वाट काढते: गुडघा मागे ताणला जातो, टाच वेळेआधी उचलली जाते, किंवा पाऊल बाहेर वळवून त्याच्या आतल्या कडेवरून पुढे जाण्याची सवय लागते. ही शेवटची सवय मला सर्वांत घातक वाटते, कारण सुरुवातीला ती सोयीची असते आणि तिचा भार मात्र गुडघ्याच्या आतल्या बाजूवर पडत राहतो. शल्यचिकित्सक पाऊल नडगीशी काटकोनात आणि साधारण ५ ते १० अंश बाहेर वळलेले ठेवून जोडतात. तेवढे वळण योग्यच आहे. त्याहून अधिक वळू लागले, तर पावलाची दिशा बदलण्याऐवजी पाऊल आखूड टाकावे. आरशासमोर चालून पाहिले की फरक लगेच दिसतो. काठी वापरत असाल, तर ती विरुद्ध बाजूच्या हातात धरावी.

बूट हा या उपचाराचा भाग आहे आणि त्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. टाचेखाली मऊ भाग आणि पुढच्या बाजूला वर वळलेला, न वाकणारा, झुलत्या खुर्चीच्या पायासारखा तळ, अशी त्याची रचना असावी. यालाच रॉकर तळाचा बूट म्हणतात. नडगी पावलावरून पुढे झुकण्याचा जो टप्पा तुम्ही गमावला आहे, तो हा तळ पुढे घरंगळून बऱ्याच अंशी भरून काढतो. अनवाणी चालणे कठीण का होते, हेही यावरून लक्षात येईल: टाच किंचित उंचावली की नडगी आपोआप पुढे कलते आणि चवड्यावर जाणे सोपे होते, सपाट जमिनीवर ती मदत मिळत नाही. म्हणून घरातही बूट घालावेत. शस्त्रक्रियेनंतर तो पाय थोडा आखूड झालेला असू शकतो; परंतु टाचेखालची उंची मोजमाप करून घेतल्याशिवाय स्वतःहून वाढवू नये.

जिन्याची भीतीही निराधार नाही. उतरताना वरच्या पायरीवर राहिलेल्या पायाची नडगी पुढे झुकावी लागते आणि जोडलेल्या पायाला तेच जमत नाही. म्हणून कठड्याला धरून उतरताना जोडलेला पाय आधी खाली टाकावा आणि चढताना चांगला पाय आधी वर ठेवावा. काही महिन्यांनी तोल सुधारल्यावर एकाआड एक पाऊल टाकत उतरताना जोडलेल्या पायाचा चवडा पायरीच्या कडेबाहेर ठेवता येतो, म्हणजे पाऊल त्या कडेवरून पुढे वळते. मात्र हे प्रथम फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली शिकावे. चढावर सरळ न जाता तिरके जावे.

पोटरी बारीक दिसते म्हणून अनेक जण चिंता करतात. पोटरीचे मुख्य काम घोटा हलवणे होते आणि ते काम आता राहिले नाही, त्यामुळे ती पूर्ववत भरणार नाही. तुमचे श्रम मांडीच्या आणि खुब्याच्या स्नायूंवर खर्च करा: खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणे आणि आधाराजवळ एका पायावर उभे राहणे. सूज सहा महिने ते वर्षभरही टिकू शकते. दिवसातून काही वेळ आडवे होऊन पाय हृदयाच्या पातळीपेक्षा वर ठेवल्यास ती उतरते. टाच जमिनीला टेकवून उकिडवे बसणे किंवा वेगाने धावणे यांची अपेक्षा ठेवू नये. सपाट रस्त्यावरचे चालणे, पोहणे आणि सायकल मात्र बहुतेकांना जमते.

प्रश्न : माझ्या शस्त्रक्रियेला तीन आठवडे झाले असून पाय प्लास्टरमध्ये आहे. पाय टेकायचा नाही असे बजावले आहे, पण आता दुखत नसल्यामुळे रात्री एक-दोनदा कुबडीशिवाय टाच टेकवली. यात धोका आहे का? मी सिगारेटही ओढतो.

उत्तर : दुखत नाही याचा अर्थ हाड जुळले असा होत नाही. आत्ता ती हाडे केवळ स्क्रूंनी धरून ठेवली आहेत आणि पुन्हा पुन्हा भार पडला तर स्क्रू सैल होऊ शकतात किंवा तुटूही शकतात. एक-दोनदा टाच टेकल्याने बहुधा बिघडलेले नसेल, तरी पुढच्या भेटीत डॉक्टरांना लपवाछपवी न करता सांगा. सहसा सुमारे सहा आठवडे भार द्यायचा नसतो. त्यानंतर प्लास्टर किंवा वॉकर बूट घालून भार हळूहळू वाढवतात आणि साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमारास, एक्स-रे समाधानकारक असल्यास, साध्या बुटांकडे वळतात. ‘थोडा भार’ म्हणजे किती, हे अंदाजाने कळत नाही. वजनकाट्यावर पाय दाबून सांगितलेले किलो मोजावेत. तोपर्यंत बोटे हलवणे, गुडघा वाकवणे आणि पाय सरळ ठेवून उचलणे, एवढे व्यायाम डॉक्टरांना विचारून करत राहावेत.

सिगारेटबाबत मी सौम्य बोलणार नाही. हाड न जुळण्याच्या सिद्ध झालेल्या कारणांत तिचा समावेश आहे आणि तुमच्या हातात असलेले सर्वांत मोठे कारण तेच आहे. आजच बंद करावी. पोटरीत नव्याने दुखू लागले, प्लास्टर अचानक आवळल्यासारखे वाटले, छातीत दुखले किंवा धाप लागली, तर शिरेतील रक्ताच्या गुठळीची शक्यता गृहीत धरून त्याच वेळी रुग्णालय गाठावे.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ६८ असून त्यांना मधुमेह आहे. दहा महिन्यांपूर्वी घोटा जोडल्यानंतर ते छान चालत होते. दोन महिन्यांपासून मात्र घोट्याच्या खाली दुखते आणि खडबडीत जमिनीवर ते वाढते. व्यायाम वाढवावेत का?

उत्तर : नाही, आधी तपासणी करावी. चांगले चालणारा माणूस पुन्हा दुखण्याची तक्रार करतो, तेव्हा हाड पूर्ण जुळले नसण्याची शक्यता असते, किंवा घोट्याखालच्या सांध्यावर वाढीव ताण आलेला असतो. खडबडीत जमिनीवर दुखणे वाढते, यावरून मला दुसरी शक्यता अधिक वाटते. पण निर्णय उभे राहून काढलेल्या एक्स-रेवर आणि गरज पडल्यास सीटी स्कॅनवर व्हायला हवा. मधुमेहात पावलाची संवेदना कमी झालेली असल्यास दुखणे प्रत्यक्षापेक्षा कमी जाणवते. म्हणून पाऊल लाल, गरम आणि सुजलेले दिसले, तर भेटीची वाट पाहू नये. भार बंद करून त्याच दिवशी दाखवावे. तपासणीला जाताना त्यांचे रोजचे बूट सोबत न्या. तळ कोणत्या बाजूला अधिक झिजला आहे, हे पाहून भार कोठे पडतो आहे याचा अंदाज डॉक्टरांना येऊ शकेल.