दहा सेकंद निथळू दे

प्रिय लेकी,

अनेक आशीर्वाद.

परवा निघताना दारात चप्पल घालता घालता तू जे विचारलंस, त्याचं उत्तर उभ्या उभ्या देण्यासारखं नव्हतं. म्हणून आज सवडीनं लिहायला बसलोय. तू म्हणालीस, "काका, भागीदार म्हणतोय आधी आपला प्लेटिंगचा धंदा उभा राहू दे, दोन पैसे गाठीला येऊ देत, मग प्रदूषणाचं बघू. तुम्हाला काय वाटतं?"

मला वाटतं त्याचा हिशेब चुकतोय. माणूस वाईट नसेल. मी औरंगाबादजवळ वाळूजला 1991 साली झिंक प्लेटिंगचं, म्हणजे लोखंडी सुट्या भागांवर गंज रोखणारा जस्ताचा थर चढवायचं, शेड टाकलं, तेव्हा पहिली आठ वर्षं माझाही हाच हिशेब होता. त्या आठ वर्षांत माझं किती नुकसान झालं, हे मला नवव्या वर्षी कळलं. तेच तुला सांगायचंय, म्हणजे तुझी आठ वर्षं वाचतील.

प्लेटिंगच्या शेडमधलं प्रदूषण म्हणजे काय, हे आधी डोळ्यांनी बघ. बाथमधून, म्हणजे झिंकच्या द्रावणाच्या टाकीतून, सुट्या भागांनी भरलेलं भोकांचं बॅरल वर उचललं की जॉबला, म्हणजे त्या भागांना, चिकटून बाथचं द्रावण बाहेर येतं. पोरांना घाई असते, वर आलं की लगेच शेजारच्या पाण्याच्या टाकीत बुडवतात. जे चिकटून आलं ते पाण्यात जातं, पाणी ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेत जातं. तिथं त्यावर तू चुना टाकतेस, त्याचा गाळ होतो, गाळ फिल्टर प्रेसमधून काढून पोत्यात भरतेस आणि किलोच्या भावानं पैसे मोजून रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या केंद्रात पाठवतेस. आता मागे वळून बघ. ते झिंक तू पैसे देऊन आणलं होतंस. ते वाहून न्यायला पाणी विकत घेतलंस, पाण्यातून काढायला केमिकल विकत घेतलं आणि शेवटी त्याला निरोप द्यायलाही पैसे दिलेस. एकाच मालाचे चार वेळा पैसे.

माझ्याकडे एक जुना ऑपरेटर होता, पैठणकडचा. शाळा चौथीपर्यंत. त्याचं बॅरल नेहमी उशिरा उतरायचं म्हणून मी त्याला बोलायचो. एक दिवस त्याच्याजवळ उभा राहून बघितलं. बॅरल बाथच्या वर धरून तो मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचा, मधे एकदा बॅरल फिरवायचा आणि मगच पुढं न्यायचा. विचारलं तर म्हणाला, "मालक, कढईतून भजं काढलं तरी तेल निथळू देतो आपण." त्याच्या लाइनवर बाथमध्ये टाकायची भर दुसऱ्या लाइनपेक्षा कमी लागते, हे स्टोअरच्या वहीत महिनोन् महिने लिहिलेलं होतं. ते कुणी वाचलंच नव्हतं. त्या दिवसापासून सगळ्या लाइनवर दहा सेकंद निथळणं सक्तीचं केलं. यंत्र घ्यावं लागलं नाही, कुणाची परवानगी लागली नाही.

आता पाण्याचं. हे जरा नीट वाच, कारण तुझ्या लेआउटमध्ये मला धुण्याची एकच टाकी दिसली.

समज, तासाला एक लिटर द्रावण जॉबबरोबर बाहेर येतं आणि जॉब स्वच्छ व्हायला ते हजार पट पातळ व्हायला हवं. एकच टाकी असेल तर तासाला हजार लिटर पाणी वाहतं ठेवावं लागतं. तेच दोन टाक्या लावल्यास, आणि ताजं पाणी शेवटच्या टाकीत सोडून तिची ओसंड आधीच्या टाकीत घेतलीस, म्हणजे जॉब पुढं जातो आणि पाणी त्याच्या समोरून उलटं येतं, तर तासाला सुमारे 32 लिटर पुरतात. तीन टाक्यांना 10. गणित आहे हे, कागदावर मांडून बघ. प्रत्यक्षात ढवळणं कमी पडतं, पोरं घाई करतात, त्यामुळे आकडा थोडा वर जातो, पण हजाराच्या जवळपासही फिरकत नाही. टाकी किती मोठी यानं फारसा फरक पडत नाही, किती टाक्या आणि पाणी कुठल्या बाजूनं, यानं पडतो. शिवाय पहिल्या टाकीत बाथचं द्रावण साठत जातं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाथची पातळी रोज उतरते, तेव्हा हेच पाणी भर म्हणून वापरता येतं.

शेड उभं राहिल्यावर तिसरी टाकी घालायला मला चार दिवस लाइन बंद ठेवून फाउंडेशन फोडावं लागलं होतं. तू आज पेन्सिलनं एक चौकोन जास्त काढलास की झालं. "दोन वर्षांनी बघू" यातली खरी अडचण ही आहे.

पुण्या-ठाण्याकडं कुणी पाण्याकडं काणाडोळा केला तर त्याचं एक वेळ निभावतं. मराठवाड्यात नाही निभावत. 2016 चा उन्हाळा आठव. तू तेव्हा शाळेत असशील. जायकवाडी मृतसाठ्यावर गेलं होतं. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं उद्योगांच्या पाण्यात कपात लावली. मद्याच्या कारखान्यांची कपात मे महिन्यात 60 टक्क्यांवर गेली, आम्हा बाकीच्यांना चौथ्या हिश्श्याच्या आसपास. एमआयडीसीत टँकरसाठी फोनवर फोन चालले होते. माझ्या आसपासच्या दोन शेडनी दुसरी पाळी बंद केली. माझं शेड तोवर रोजच्या 40 हजार लिटरवरून 9 हजारांवर आलेलं होतं, त्यामुळे कपात लागूनही एक पाळी बुडाली नाही. त्या दोन महिन्यांत दोन नवे ग्राहक दारात आले, कारण त्यांचा माल दुसरीकडं अडकला होता. ते पुढंही माझ्याकडेच राहिले. आनंद झाला असं नाही म्हणणार, शेजाऱ्याचं शेड बंद पडलेलं बघवत नाही. पण धंद्याच्या दृष्टीनं त्या तीन टाक्यांनी मला त्या उन्हाळ्यात जे दिलं ते कुठल्या मार्केटिंगनं दिलं नसतं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, 5 लाख लिटर. सगळ्या देशानं ते बघितलं. मी त्या रात्री माझ्या पत्र्याचा हिशेब केला. दहा हजार चौरस फूट पत्रा, वर्षाला 700 मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असं मानलं, तरी सव्वापाच लाख लिटर होतात. म्हणजे एक अख्खी रेल्वे दर पावसाळ्यात माझ्या पत्र्यावरून गटारात जात होती. तुझं शेडही साधारण तेवढंच आहे. पन्हाळी आणि टाकी आत्ताच बसवून घे. पावसाचं पाणी मऊ असतं, बोअरच्या पाण्यासारखे क्षार नसतात, त्यामुळे शेवटच्या धुण्याला ते उत्तम. जॉबवर पांढरे डाग पडत नाहीत.

विजेचं थोडक्यात सांगतो. सोलरवाले तुझ्याकडं येतीलच, आणि आपल्या उन्हात एका किलोवॅटमागे दिवसाला चार युनिट मिळतातही. पण आधी गळती बंद कर, मग सोलर मोज. नाहीतर गळणाऱ्या माठात पाणी भरल्यासारखं होईल. एका रविवारी शेड बंद असताना एकटी जा. कॉम्प्रेसर सुरू कर आणि नुसती उभी राहून ऐक. फुसफुस ऐकू येईल तिथं खडूनं खूण कर. सात बार दाबाच्या हवेच्या लाइनवर तीन मिलिमीटरचं एक भोक कॉम्प्रेसरची सुमारे तीन किलोवॅट शक्ती खातं. वर्षाला सहा हजार तास चाललं तर 18 हजार युनिट, आठ रुपयांनी धरलंस तरी 1 लाख 44 हजार रुपये. एका भोकाचे! मला पहिल्या रविवारी अकरा खुणा कराव्या लागल्या, सगळ्या एवढ्या मोठ्या नव्हत्या, पण अकरा. आणि बाथ ढवळायला कॉम्प्रेसरची हवा मुळीच वापरू नकोस, साधा ब्लोअर लाव. वीज कमी लागते आणि बाथमध्ये तेल उतरत नाही.

ग्राहकाचं आता. युरोपनं गाड्यांच्या सुट्या भागांवरच्या गंजरोधक थरात विषारी षट्संयुजी (हेक्साव्हॅलंट) क्रोमियम 1 जुलै 2007 पासून बंद केलं. झिंकवर वरून देतो ती आपली नेहमीची पिवळी पॅसिव्हेशन त्याचीच असायची. त्याच्या बरीच आधी माझ्या ग्राहकानं विचारणा केली होती, ट्रायव्हॅलंट, म्हणजे कमी विषारी त्रिसंयुजी क्रोमियम, जमेल का. ते महाग, त्याचा पीएच सतत सांभाळावा लागतो, पहिले तीन महिने माझा माल इतका परत आला की झोप उडाली. पण मुदत आली तेव्हा माझी लाइन बसलेली होती आणि निर्यातीचं काम माझ्याकडं आलं. वर ईटीपीतला एक अख्खा टप्पा कमी झाला. आधी त्या विषारी क्रोमियमला सौम्य रूपात आणायला रोज मेटाबायसल्फाइट लागायचं, ते बंद झालं. पोरांच्या हातावरच्या न भरणाऱ्या जखमाही बंद झाल्या, आणि त्याबरोबर दांड्याही.

आज तीच वेळ आकड्यांची आली आहे. शेअर बाजारातल्या वरच्या एक हजार कंपन्यांना सेबीनं 2022-23 पासून बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि समाजाबद्दलच्या जबाबदारीचा अहवाल बंधनकारक केलाय. त्यांना वीज, पाणी, कचरा सगळं मांडावं लागतं, म्हणून त्या पुरवठादारांनाही विचारू लागल्या आहेत. युरोपच्या सीमेवरचा कार्बनचा कर 1 जानेवारी 2026 पासून प्रत्यक्ष लागू झाला, आणि त्याच्या यादीत पोलादाबरोबर नट-बोल्टही आहेत. त्यात मुख्य हिशेब पोलादाचा, प्लेटिंगचा नव्हे. पण बोल्ट बनवणारा आता अशा माणसाबरोबर काम करायला बघतो ज्याच्याकडं कागद तयार असतात. म्हणून पहिल्या दिवसापासून एक वही ठेव: पाण्याचं मीटर, विजेचं मीटर, भर टाकलेलं केमिकल, निघालेला गाळ आणि किती किलो माल झाला. रोज, पाळी संपताना. शंभर किलोमागे किती पाणी, किती युनिट, हे तुला तोंडपाठ असलं की खरेदी अधिकाऱ्यासमोर बसताना तुझा आवाज वेगळा लागतो. लघुउद्योगांसाठीच्या सरकारी झेड (झिरो डिफेक्ट, झिरो इफेक्ट) प्रमाणपत्राचं बघून ठेव, महिलांच्या उद्योगांना त्याचं शुल्क पूर्ण माफ केलेलं आहे. त्याची तयारी म्हणजे बरीचशी हीच वही.

आता एक गोष्ट भागीदाराला स्पष्ट सांग. सगळं काही वसूल होत नाही. ईटीपी चालवायचा रोजचा खर्च परत येत नाही. धुरासाठी लावलेला स्क्रबर परत येत नाही. पाणी कमी केलंस की तो खर्च घटतो, शून्य होत नाही. आपला उद्योग प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या रेड कॅटेगरीत, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्यांत येतो, आणि पाण्याच्या 1974 च्या कायद्यात वीज-पाणी तोडून शेड बंद करायचा अधिकार आहे. एक महिना बंद राहिलेलं शेड ग्राहक विसरतो, म्हणून त्याला विमा समज, असं मी म्हणू शकतो. पण मी ईटीपी त्यासाठी बांधला नाही. कशासाठी बांधला ते सांगतो, हे मी फार लोकांना सांगितलेलं नाही.

1999 चा उन्हाळा. माझं धुण्याचं पाणी तेव्हा मागच्या नाल्यात जायचं. नाल्याच्या खाली एका शेतकऱ्याची विहीर होती. एक दिवस तो गेटवर आला. मला वाटलं भांडायला आला. तो भांडला नाही. टोपी हातात घेऊन म्हणाला, "साहेब, कोणत्या दिवशी पाणी सोडत नाही तेवढं सांगत जा. त्या दिवशी बैलाला पाजतो." मी त्याला "सांगतो" म्हणालो. खरंच म्हणालो तसं. घरी येऊन जेवायला बसलो आणि घास गिळेना. आमच्या गावाकडं बैलाला पाणी दाखवल्याशिवाय माझे वडील स्वतः पाणी प्यायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी नाल्याचं तोंड वीट-सिमेंटनं बंद केलं, पाणी टँकरनं उपसून बाहेर न्यायची सोय केली, आणि त्या वर्षी बायकोचे दागिने ठेवून ईटीपी उभा केला. त्याच्या विहिरीला निवळायला तीन पावसाळे लागले. तोवर त्याच्या गोठ्याला मी टँकर देत होतो. ते देणं होतं, उपकार नव्हते.

तेव्हा गळती, निथळणं, टाक्या यांचा नफा भागीदाराला आकड्यांनी पटव, तो पटेल. ईटीपीबद्दल मात्र आकडे घेऊन बसू नकोस. तो असणारच, एवढंच सांग. 5 जूनला पर्यावरण दिनी रोपं लावून फोटो काढण्यावर पैसे घालू नका, आपल्याकडं जूनमध्ये लावलेलं रोप पुढच्या मेमध्ये पाणी मागतं आणि तेव्हा कुणी नसतं. लावायचीच असतील तर ईटीपीचं शुद्ध झालेलं पाणी जिथवर पोचतं तेवढीच लाव, आणि त्या पाण्याची आधी तपासणी करून घे.

लेआउट पक्का करायच्या आधी घेऊन ये. येत्या रविवारी मी घरीच आहे. भागीदारालाही आण. तो जुना ऑपरेटर आता शेंद्र्याला पोराकडं राहतो, त्यालाही बोलावून घेतो. बाथपासून पहिल्या टाकीपर्यंतचं अंतर त्याच्या पावलांनी मोजू. येताना साधी पेन्सिल आण, पेननं काढलेलं खोडता येत नाही.

तुझा,
काका