औषधांची नोंद पाहणे हा रुग्णावरचा अविश्वास आहे का?

प्रश्न : आम्ही अमेरिकेत राहतो. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्या वडिलांना ऑक्सिकोडोन या अफूवर्गीय वेदनाशामकाच्या गोळ्या चालू आहेत. या वेळी औषध लिहून देण्यापूर्वी डॉक्टरांनी संगणकावर त्यांच्या आधीच्या औषधांची नोंद तपासली, याचे वडिलांना फार वाईट वाटले. सगळ्याच डॉक्टरांना ही पद्धत पटते का?

उत्तर : आपल्या वडिलांचे दुःख मी समजू शकतो, मात्र अशी तपासणी करणे तेथील अनेक राज्यांत डॉक्टरांना कायद्यानेच बंधनकारक आहे. औषधविक्रेत्याने नियंत्रित औषध, म्हणजे गैरवापराच्या शक्यतेमुळे कायद्याचे निर्बंध असलेले औषध, दिले की त्याची माहिती राज्याच्या नोंदप्रणालीत जाते. कॅलिफोर्नियाने अशी देखरेख 1939 मध्येच सुरू केली होती, तर मिसुरीने त्यासाठी राज्यव्यापी कायदा सर्वांत शेवटी, 2021 मध्ये केला.

अनेक डॉक्टरांना ही नोंद मोलाची वाटते, आणि त्याचे कारण केवळ व्यसनाची भीती हे नाही. एका डॉक्टरांनी अफूवर्गीय वेदनाशामक दिलेले असताना दुसऱ्यांनी, त्याची कल्पना नसल्यामुळे, झोपेसाठी बेन्झोडायझेपिन गटातील औषध लिहून दिले, तर दोन्हींच्या एकत्रित परिणामाने श्वसन धोकादायक रीतीने मंदावू शकते; रुग्णाला औषधांची नावे आठवत नसली तरी नोंदीमुळे हा धोका वेळीच लक्षात येतो. तक्रारी आहेत त्या मुख्यतः वेळेच्या. रुग्णाच्या नेहमीच्या संगणकीय कागदपत्रांशी ही प्रणाली जोडलेली नसेल, तर प्रत्येक वेळी ती वेगळी उघडावी लागते.

माझ्या मते खरी काळजी निराळीच आहे. आपल्यावरही कोणाची तरी नजर आहे या दडपणाखाली काही डॉक्टर गरजू रुग्णालाही औषध नाकारतात किंवा मात्रा घाईने कमी करतात. तेथील रोगनियंत्रण केंद्राच्या 2016 च्या मार्गदर्शनात अफूवर्गीय औषधाची दिवसाला 90 मिलिग्रॅम मॉर्फिनएवढ्या प्रभावाची किंवा त्याहून अधिक मात्रा शक्यतो टाळावी, असे सुचवले होते. पुष्कळ ठिकाणी तो आकडा अनुल्लंघनीय मर्यादेसारखा राबवला गेला. असे औषध अचानक थांबवल्यास तीव्र वेदना, शारीरिक त्रास, इतकेच नव्हे तर आत्महत्येचे विचारही उद्भवू शकतात, असा इशारा तेथील औषध प्रशासनाला 2019 मध्ये द्यावा लागला, आणि 2022 च्या सुधारित मार्गदर्शनात प्रत्येक रुग्णाचा स्वतंत्र विचार करण्यावर भर दिला गेला. नोंदीत काही खटकले, तर डॉक्टरांनी प्रथम रुग्णाशी बोलावे. केवळ पडद्यावरील माहितीवरून त्याला परत पाठवणे मला वैद्यकीयदृष्ट्या चुकीचे वाटते.

वडिलांना पुढील भेटीत सर्व औषधांची यादी सोबत नेण्यास सांगावे, कारण रुग्णालयात दाखल असताना दिलेली औषधे या नोंदीत सहसा नसतात. नोंदीत काय दिसले, हे त्यांनी डॉक्टरांना निःसंकोचपणे विचारावे. चूक आढळल्यास ती ज्या औषध दुकानाच्या माहितीतून आली असेल, तेथे दुरुस्तीची मागणी करावी. तोपर्यंत गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत.