यूटाला येताय, तर शेजाऱ्यांबद्दल थोडं

तुम्ही विचारलंत, नवऱ्याला अमेरिकेतल्या यूटा राज्यात लीहायला नोकरी मिळतेय, तिथे बहुतेक शेजारी मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे असतात म्हणे, आपल्याला जड जाईल का? व्हिसा, भाडी, बर्फातले टायर यांची माहिती सगळीकडे मिळेल. मी शेजाऱ्यांबद्दलच लिहिते, कारण तुमचा प्रश्न वाचल्यापासून स्वस्थ बसवत नाहीये.

माणसं चांगली आहेत. सामान उतरवायला न बोलावता येतील, घरचा ब्रेड आणून देतील. वॉर्ड म्हणजे त्यांची वस्तीवार मंडळी, आणि तिचा प्रमुख बिशप हा पगारी धर्मगुरू नसतो, पलीकडच्या गल्लीतला दंतवैद्यही असू शकतो. त्यामुळे धर्म आणि शेजार वेगळे काढता येत नाहीत. एकटेपणा येतो, पुढे कमी होतो.

शाळेचं मात्र अजून सलतं. इथे हायस्कूलला लागूनच चर्चची सेमिनरी असते. शाळेच्या वेळापत्रकात एक तास मोकळा ठेवून मुलं तिकडे धर्मशिक्षणाला जातात. ही पद्धत १९१२ पासूनची. सक्ती नाही. पण माझ्या मुलीच्या मैत्रिणी त्या तासाला उठून जायच्या आणि ही एकटी लायब्ररीत. शाळेतल्या समुपदेशक बाई मला म्हणाल्या, "तीही तिकडे जाऊन बसली तर मिसळेल." त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे कळतं. तरी राग गेलेला नाही. मुलगी विसरली, मी नाही.

आता ज्याची आधी कोणी कल्पना देत नाही ते. तुम्ही बाहेरच्या, म्हणून लोक तुमच्याकडे मन मोकळं करतील. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास करून माणसं चर्चमध्ये उभी राहतात आणि 'हे चर्च सत्य आहे हे मला ठाऊक आहे' असं सांगतात. 'मला आता ठाऊक नाही' हे तिथे कोण कसं म्हणणार? माझी शेजारीण ते माझ्या स्वयंपाकघरात म्हणाली. चर्चने २०१३ पासून स्वतःच्याच संकेतस्थळावर इतिहासाचे निबंध द्यायला सुरुवात केली. २०१४ च्या निबंधात तिने वाचलं, की संस्थापक जोसेफ स्मिथच्या बायका अंदाजे ३० ते ४० असाव्यात, काही आधीच विवाहित, एकीला पंधरावंही पूर्ण नव्हतं. लहानपणापासून तिने हे विरोधकांनी उठवलेलं खोटं म्हणून ऐकलेलं. शंका फळीवर ठेवत जायच्या, असं इथे म्हणतात. तिची फळी त्या रात्री मोडली.

टेंपल म्हणजे रविवारच्या चर्चहून वेगळी, लग्नासारख्या विधींची वास्तू; तिथे जायला बिशपला मुलाखत देऊन परवाना घ्यावा लागतो. श्रद्धेबद्दल विचारतात, उत्पन्नाचा दहावा हिस्सा देता का विचारतात, चहा-कॉफी-दारू वर्ज्य आहे का विचारतात. खोटं बोलायचं नाही म्हणून तिने तो परवाना घेणं सोडलं. मुलाचं लग्न टेंपलमध्ये लागलं तेव्हा नवरा आत होता, ती बाहेर.

हे सांगून तिने मला विचारलं, "आणि तुझा विश्वास आहे?"

माझे वडील माळकरी. ते गेल्यापासून मी विठ्ठलापुढे हात जोडते, पण समोर कोणी आहे असं वाटत नाही. गणपती बसवते, आरती म्हणते. आपल्याकडे पूजा झाली का विचारतात, विश्वास आहे का असं मला कोणी कधी विचारलंच नव्हतं. तिचं घर दुभंगलं, माझं काहीच गेलं नाही, तरी तिला हे सांगताना मला रडू आवरेना. आई फोनवर एकादशीचं विचारते, मी हो म्हणते. तिला खरं सांगावं की नाही, अजून ठरत नाही.

म्हणून एवढंच सांगते, कोणी बोलायला आलं तर ऐकून घ्या. 'मग सोडून दे ना' म्हणू नका, आणि आपला धर्म किती मोकळा आहे हे तर मुळीच सांगू नका. तिचा नवराही तुमचा शेजारीच असतो आणि तोही भला माणूस असतो; त्याच्यासमोर त्यातलं अक्षर काढू नका. घर घेण्याआधी शाळा बघा, सेमिनरीच्या तासाला न जाणारी मुलं किती आणि ती काय करतात ते थेट विचारा. लीहायपेक्षा सॉल्ट लेक सिटीच्या बाजूला अशी मुलं जास्त भेटतील, नवऱ्याचा प्रवास वाढला तरी चालेल.