वहीचं पान परत पाठवतेय

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. उदगीरच्या मोंढ्यात तुमची आडत, मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. दोनदा नीट देऊन नंबर लागला नाही, तर आता कॉलेज सोडवून लातूरला पुन्हा रिपीटर बॅचला घालावं का, असं विचारलंय. 'अभ्यास सोडून असले उद्योग करते' म्हणून तिच्या वहीचं एक पान फाडून सोबत जोडलंय.

पानाकडे येते. पण मला अस्वस्थ केलं ते पत्राच्या शेवटच्या चार ओळींनी. तिला चौदाव्या वर्षापासून टाइप १ मधुमेह आहे, आणि पुढे स्थळं बघायची म्हणून तो कुणाला कळू द्यायचा नाही. त्यामुळे पोरगी होस्टेलच्या बाथरूमचं दार लावून इन्सुलिन टोचून घेते. 'डॉक्टरीण झाली की साखरेचं कुणी विचारणार नाही,' असं तुम्ही लिहिता. म्हणजे ही नीट स्थळासाठी चाललीय. भाऊ, हे आधी थांबवा. एखाद्या रात्री तिची साखर एकदम उतरली, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळलं, तर शेजारच्या कॉटवरच्या मुलीला ग्लुकोज द्यायचं माहीत हवं. खोलीतल्या मुलींना आणि रेक्टरबाईंना याच आठवड्यात सांगा. लहानपणी पेढे फार खाल्ले म्हणून हे झालं, असं तिच्यासमोर म्हणणंही सोडा. ते खरं नाही.

आता पान. तिने स्वादुपिंडातली, इन्सुलिन बनवणारी एक पेशी काढलीय. पेशीवर खाच, खाचेत दहा मण्यांची माळ, समोर टी-पेशी, म्हणजे शरीराचं रक्षण करणारी पांढरी पेशी. खाली लिहिलंय, 'माझ्याच पेशींनी हिला का मारलं?' तुमच्या धंद्यातलंच सांगते. तूर आली की तुम्ही अख्खं पोतं उपसत नाही. हात घालून मूठभर काढता, तळहातावर पसरता आणि भाव बोलता. पेशीही आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे, म्हणजे पेप्टाइड (चित्रातली माळ), एचएलए नावाच्या प्रथिनाच्या तळहातावर (चित्रातली खाच) बाहेर धरते, आणि टी-पेशी तेवढ्यावरून तिचा निवाडा करते. तळहात आणि तुकडा दोन्ही मिळूनच ओळख पटते, हे डोहर्टी आणि झिंकरनागेल यांनी १९७४ च्या सुमारास दाखवलं. १९९६ साली त्यांना नोबेल मिळालं. तुमच्या मुलीत चांगल्या पेशीचा नमुना शत्रूचा म्हणून वाचला गेला.

तिची एक समजूत मात्र चुकलीय. तिने लिहिलंय की एका टी-पेशीला एकच पेप्टाइड कळतं, कुलूप-किल्लीसारखं. ती पेशी शोधून काढली की मी बरी. तसं नाही, बाळा. माळेतला एकेक मणी म्हणजे एक अमिनो आम्ल. वीस प्रकारची अमिनो आम्लं, दहा मणी, म्हणजे १० लाख कोटींहून जास्त माळा होतात. प्रत्येक माळेला वेगळी टी-पेशी ठेवायची तर शरीरात तेवढ्या टी-पेशीच नाहीत. म्हणून एकीला अनेक माळा ओळखाव्या लागतात. कार्डिफच्या संशोधकांनी २०१२ मध्ये टाइप १ च्या एका रुग्णाच्या टी-पेशीचा रिसेप्टर, म्हणजे पेप्टाइड ओळखणारा तिचा भाग, तपासला, तर तो १० लाखांहून जास्त वेगवेगळी पेप्टाइडं ओळखू शकत होता. आणि हल्ला करणारी टी-पेशीही एकटी नसते. अशा पेशी निरोगी माणसातही सापडतात. त्यांना आवरणाऱ्या टी-पेशी वेगळ्या असतात, त्यांच्या शोधाला २०२५ चं नोबेल मिळालं. तेव्हा प्रश्न 'कोणती पेशी' एवढाच नाही, तिला आवरलं का गेलं नाही, हाही आहे.

माझं मत विचाराल तर तिसऱ्यांदा नीट नको. बी.एस्सी. पूर्ण होऊ द्या, मग जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेश परीक्षा देऊन एम.एस्सी., पुढे नेट परीक्षा. तिच्यातून जेआरएफ ही फेलोशिप मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये मिळतात, म्हणजे पीएच.डी.चा खर्च तुमच्या अंगावर येत नाही. पुण्याचं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आणि दिल्लीची राष्ट्रीय प्रतिरक्षाशास्त्र संस्था, दोन्हीकडे या विषयावर काम चालतं. बायोलॉजीवाल्या मुली गणिताला बिचकतात. तिने संख्याशास्त्र आणि थोडं पायथन, म्हणजे प्रोग्रॅमिंगची भाषा, आत्ताच हाती घ्यावं. नोकरी लागायला डॉक्टरकीइतकाच वेळ जाईल, हे मी लपवत नाही.

पान परत पाठवतेय. ते तिचं आहे, तिच्या हातात द्या. मागे मी पेन्सिलीने एक प्रश्न लिहिलाय: या आजाराचा धोका वाढवणारं एचएलए ज्यांच्यात असतं, त्यांतल्या बहुतेकांना हा आजार होतच नाही, तो का? उत्तर तिने लिहून पाठवावं. पाकिटावरचा पत्ताही तिच्याच अक्षरात असू द्या.