इंग्लंडच्या बोर्डिंग शाळेत मुलीला आताच पाठवावे का?

आपले पत्र सविस्तर आहे, म्हणून इतर वाचकांसाठी त्याचा गोषवारा आधी देतो. आपण नाशिकला अंबड औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग बनवणारा लहान कारखाना चालवता, पत्नी दंतवैद्य आहेत, आणि दोघांचीही वये शेहेचाळीसच्या आसपास आहेत. मुलगी आठवीत आहे, मुलगा चौथीत. इंग्लंडमधील ससेक्स परगण्यातल्या एका बोर्डिंग शाळेने, जिथे मुलगे-मुली एकत्र शिकतात, मुलीला येत्या सप्टेंबरपासून ‘इयर टेन’मध्ये, म्हणजे साधारण आपल्या नववीत, जागा देऊ केली असून व्हॅट धरून फी दर सत्राला १८,००० पौंड आहे. आपल्याकडे म्युच्युअल फंडांत १ कोटी ९० लाख, मुदत ठेवींत ४५ लाख आणि पीपीएफमध्ये ३५ लाख, अशी एकूण २ कोटी ७० लाखांची पुंजी आहे. घरखर्च आणि हप्ते जाऊन वर्षाला सुमारे ३० लाख शिल्लक पडतात. राहते घर कारखान्याच्या ६० लाखांच्या कर्जापोटी गहाण आहे. कमी पडल्यास दिंडोरीजवळची दोन एकर द्राक्षबाग विकायची तयारी आपल्या वडिलांनी दाखवली आहे. मुलीच्या शिक्षणात हात आखडता घ्यायचा नाही, पण हे झेपेल का आणि झेपले तरी करावे का, असे आपण विचारता.

माझे मत असे की येत्या सप्टेंबरचा प्रवेश घेऊ नये. कारणे सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो: अशा शाळांमध्ये मिळते ते खोटे किंवा दिखाऊ असते, असे मी मुळीच मानत नाही. चांगल्या बोर्डिंग शाळेत मूल वर्गात शिकते त्याच्याइतकेच ‘हाउस’मध्ये, म्हणजे शाळेच्या निवासगृहात, शिकते. मुलांची आणि मुलींची हाउसेस वेगवेगळी असतात, झोपण्याची व्यवस्था वेगळी ठेवणे तिथल्या नियमांनुसार बंधनकारकच आहे. पण वर्ग, भोजनगृह, वाद्यवृंद, नाटकाची तालीम आणि प्रयोगशाळा ही सगळी सामायिक असतात. हाउसमिस्ट्रेस, म्हणजे हाउसच्या प्रमुख शिक्षिका, आपल्या कुटुंबासह त्याच इमारतीत राहतात, मेट्रन मुलींच्या तापापासून हरवलेल्या मोज्यांपर्यंत सगळे पाहतात, संध्याकाळच्या जेवणानंतर दीड-दोन तास ‘प्रेप’ म्हणजे देखरेखीखालचा अभ्यास चालतो आणि बऱ्याच ठिकाणी झोपण्यापूर्वी फोन जमा करावे लागतात. शनिवारी सकाळी तास आणि दुपारी सामने, हा क्रम अनेक शाळांत अजूनही पाळला जातो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने मुलांबरोबर रोज वादविवाद करणे, संघात खेळणे, नाटकाचे नेपथ्य उभे करणे आणि यात अवघडण्यासारखे काही नसणे, ही मोठी मिळकत आहे. इंग्लंडमध्येही ती सहज आलेली नाही. आज हॅम्पशरमध्ये असलेली बीडेल्स शाळा १८९३ मध्ये निघाली आणि १८९८ मध्ये तिने मुलींना प्रवेश दिला, तेव्हा तो धाडसी अपवाद होता. मार्लबरोसारख्या नामांकित शाळेने शेवटच्या दोन वर्गांत मुली घेतल्या त्या १९६८ मध्ये आणि सगळी शाळा मुलींना खुली केली ती १९८९ मध्ये.

म्हणूनच आपल्या शाळेला एक प्रश्न आवर्जून विचारावा: रविवारी हाउसमध्ये किती मुली असतात? हल्ली पुष्कळ शाळांत आठवडाभर राहून शनिवारी दुपारी घरी जाणाऱ्या मुलांची संख्या मोठी असते. अशा शाळेत परदेशातून आलेल्या मुलीच्या वाट्याला रिकामे हाउस येते आणि ज्या सहजीवनासाठी आपण पैसे मोजतो, ते शनिवार दुपारपर्यंतच मिळते.

आता हिशेब. पौंड १२० रुपयांचा धरला तर तीन सत्रांची फी, म्हणजे ५४,००० पौंड, सुमारे ६५ लाख रुपये होते. शाळेचे माहितीपत्रक इथे थांबते, पण सत्राचे बिल थांबत नाही. वाद्याची शिकवणी, परीक्षेची फी, सहली, गणवेश आणि खेळाचे साहित्य, विमानतळापर्यंतची टॅक्सी अशा ओळी त्यात एकाखाली एक येत जातात. शिवाय हाफ टर्मला, म्हणजे सत्राच्या मधल्या सुट्टीत, आणि एरवीच्या काही शनिवार-रविवारी हाउस बंद असते. त्या दिवसांसाठी आणि आणीबाणीसाठी इंग्लंडमध्ये राहणारा पालक-प्रतिनिधी, म्हणजे ‘गार्डियन’, नेमावा अशी शाळांची अट असते आणि व्यावसायिक संस्थेकडून ही सेवा घेतल्यास तिचे वेगळे पैसे पडतात. (लंडनला नातेवाईक आहेत असे आपण लिहिता, सोळा वर्षांखालचे मूल जवळच्या नात्यात न बसणाऱ्या व्यक्तीकडे २८ दिवस किंवा अधिक राहणार असेल, तर स्थानिक प्रशासनाला कळवावे लागते, हे त्यांच्या कानावर घाला.) नाताळ, ईस्टर आणि उन्हाळा अशा तीन सुट्ट्यांची विमानभाडी आहेतच. व्हिसाच्या अर्जाबरोबर आरोग्य अधिभार भरावा लागतो. तो अठरा वर्षांखालील मुलांसाठी वर्षाला ७७६ पौंड असून व्हिसा जितक्या काळाचा, तितक्या काळाचा एकरकमी घेतला जातो. हे सगळे मिळून वर्षाला ६,००० पौंड धरणे मला रास्त वाटते. म्हणजे पहिले वर्ष ७२ लाखांचे.

फी पौंडात दरवर्षी ५ टक्के वाढेल आणि रुपया वर्षाला ३ टक्के घसरेल असे गृहीत धरले, तर चार वर्षांचे आकडे ७२, ७८, ८४ आणि ९१ लाख असे येतात. बेरीज सव्वातीन कोटी. ही माझी गृहीतके आहेत, भाकिते नव्हेत, पण यापेक्षा सौम्य धरायला मला आधार दिसत नाही. खासगी शाळांच्या फीवर १ जानेवारी २०२५ पासून २० टक्के व्हॅट लागला, तो बोर्डिंगच्या खर्चावरही आहे, आणि परदेशी पालकांना त्यातून सूट नाही. चार वर्षांत आपली शिल्लक १ कोटी २० लाख होईल. उरलेले २ कोटी ५ लाख पुंजीतून जातील. गुंतवणुकीवरचा परतावा आणि विक्रीवरचा कर दोन्ही बाजूला ठेवले, तर मुलगी अठरा वर्षांची होईल तेव्हा आपल्याजवळ ६५ लाख असतील, वय पन्नाशीपलीकडे गेलेले असेल आणि मुलगा आज ती आहे त्या वयाचा असेल.

खरा प्रश्न मात्र त्या अठराव्या वर्षानंतर उभा राहतो, आणि आपल्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. चार वर्षे इंग्लंडमध्ये शिकली की विद्यापीठात तिला तिथल्या मुलांची फी लागेल, असा समज मी अनेक पालकांकडून ऐकतो. तो चुकीचा आहे. केवळ शिक्षणासाठी काढलेली वर्षे तिथल्या निवासात धरली जात नाहीत, त्यामुळे विद्यार्थी व्हिसावरची मुलगी विद्यापीठासाठी परदेशीच राहते. इंग्लंडमधील स्थानिक विद्यार्थ्यांसाठी फीची कमाल मर्यादा २०२५-२६ साठी ९,५३५ पौंड होती. परदेशी विद्यार्थ्यांना अशी मर्यादा नाही. फी ३०,००० आणि राहणे-खाणे १५,००० पौंड धरले, तर आजच्या ५४ लाखांचे चार वर्षांनी ७४ लाख होतात आणि तीन वर्षांच्या पदवीला सुमारे २ कोटी ४० लाख लागतात. शाळा इंग्लंडची झाल्यावर मुलीचे मित्र-मैत्रिणी, शिक्षकांचे मार्गदर्शन आणि तिची स्वतःची अपेक्षा तिकडच्याच विद्यापीठांकडे वळलेली असेल, आणि नेमक्या त्या वेळी आपला हात रिकामा असेल.

इकडे परत यायचे म्हटले तरी वाट सरळ नाही. पत्नी दंतवैद्य असल्यामुळे मुलीचा ओढा वैद्यकीयकडे असेल, तर लक्षात घ्यावे की महाराष्ट्रातील शासकीय महाविद्यालयांच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागतात. ते दार आपण चौदाव्या वर्षी बंद करत असतो.

कराच्या बाजूने या खर्चाला जवळजवळ काहीच आधार नाही. शिकवणी शुल्काची वजावट भारतातील संस्थांपुरती आहे. शैक्षणिक कर्जावरच्या व्याजाची वजावट बारावी किंवा समकक्ष परीक्षेनंतरच्या शिक्षणासाठी आहे, त्यामुळे शाळेसाठी काढलेल्या कर्जाला ती मिळत नाही. नव्या करप्रणालीत या दोन्ही नाहीतच. पैसे पाठवताना एका आर्थिक वर्षात १० लाखांवरच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे बँकेने आगाऊ गोळा करायचा कर, कापला जाईल. ही मर्यादा प्रत्येक व्यक्तीची स्वतंत्र असल्याने दोघांनी आपापल्या खात्यांतून रक्कम पाठवावी, आणि कापलेला टीसीएस विवरणपत्रात वळता करून घ्यावा. तो खर्च नाही, पण दर सत्राला काही रक्कम अडकून राहते आणि कारखान्याच्या खेळत्या भांडवलावर त्याचा ताण येतो. व्हिसासाठी एका वर्षाची फी आणि बोर्डिंगचा खर्च भागेल एवढी रक्कम सलग २८ दिवस खात्यात दाखवावी लागते, म्हणजे पहिल्याच उन्हाळ्यात मोठी गुंतवणूक एकदम मोडावी लागेल.

अर्ध्यातून परत आणण्याची वेळ येणे हा या बेतातला सर्वात महागडा धोका आहे. ‘इयर टेन’ आणि ‘इलेव्हन’ मिळून जीसीएसईचा, म्हणजे आपल्या दहावीसारख्या परीक्षेचा, अभ्यासक्रम होतो, ‘ट्वेल्व्ह’ आणि ‘थर्टीन’ मिळून ए लेव्हलचा, म्हणजे बारावीसारख्या परीक्षेचा. यातला टप्पा मध्येच सोडला तर त्याचे काहीच प्रमाणपत्र हाती येत नाही, आणि एका पूर्ण सत्राची आगाऊ सूचना दिली नाही तर त्या सत्राची फी भरावी लागते, हा तिथल्या करारांमधला नेहमीचा नियम आहे. आपले उत्पन्न कारखान्याचे आहे; वाहन उद्योगाची मागणी एक वर्ष मंदावली तर ३० लाखांची शिल्लक १० लाखांवर येऊ शकते. म्हणून माझा आग्रह असा की दोन वर्षांचा जो टप्पा घ्यायचा, त्याची संपूर्ण रक्कम टप्पा सुरू होण्याआधी बाजूला काढलेली असावी, आणि ती शेअर बाजाराशी निगडित फंडांत नसावी.

बागेबद्दल माझे मत ठाम आहे. ती विकू नये. नगरपालिका हद्दीपासून ठरावीक अंतराबाहेरची शेतजमीन असेल तर भांडवली नफ्यावर कर लागणार नाही हे खरे, पण ते वडिलांचे उत्पन्नाचे साधन आहे आणि त्यावर नातवाचाही हक्क आहे. बहिणीसाठी जे केले ते भावासाठी करता आले नाही, ही वेळ आज थोड्या हिशेबाने टाळता येते.

मग करावे काय? मुलीला दोन वर्षे नाशिकलाच दहावीपर्यंत शिकू द्यावे. तेवढ्यात पुंजी ३ कोटी ३० लाखांवर जाईल, परतावा वेगळा. सोळाव्या वर्षी ए लेव्हलच्या दोन वर्षांसाठी पाठवले तर खर्च पावणेदोन कोटी येतो. तो झेपण्यासारखा आहे, पण त्यावर इंग्लंडची पदवीही घ्यायची म्हटली तर पुन्हा अंदाजे ६५ लाखांवरच येऊन थांबाल. थोडक्यात, आपल्या ऐपतीत शाळा किंवा पदवी यांपैकी एकच बसते. मी पदवी निवडेन, कारण तिच्यासाठी बँकेचे शैक्षणिक कर्ज मिळते आणि पदवीनंतर काही काळ तिथे काम करण्याचा मार्ग असतो. शाळेच्या बाबतीत यातले काही सहसा मिळत नाही. आणि मुलीला हाउसचे जीवनच हवे असेल, तर राजगुरुनगरजवळची सह्याद्री स्कूल किंवा पाचगणीच्या शाळा पाहाव्यात. अकरावी-बारावीसाठी मुळशीचे यूडब्ल्यूसी महिंद्र कॉलेज आहे, तिथे जगभरची मुले-मुली एकत्र राहतात आणि गरजेनुसार आर्थिक साहाय्यही दिले जाते.

इंग्लंडचा विचार पुढेही कायम राहिलाच, तर शाळेचे हिशेब वाचावेत. बहुतेक जुन्या शाळा धर्मादाय संस्था आहेत आणि त्यांचे वार्षिक ताळेबंद चॅरिटी कमिशनच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. तीन वर्षांत पटसंख्या घटली आहे का आणि कर्ज वाढले आहे का, हे पाहावे. व्हॅट लागल्यानंतर काही लहान शाळा बंद पडल्या आहेत. अनेक वर्षांची फी आगाऊ भरून सवलत घेण्याचा प्रस्ताव आला तर तो या कारणासाठी नाकारावा, कारण शाळा बुडाल्यास ती रक्कम परत मिळण्याची शाश्वती नसते.

स्वीकृतीपत्रावर सही न करता आणि अनामत न भरता शाळेला नम्रपणे कळवा की या वर्षीची जागा घेता येत नाही, पण ‘इयर ट्वेल्व्ह’साठी अर्ज करण्याची इच्छा आहे, त्या प्रवेशाच्या चाचण्या बहुधा आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या सुमारास होतात, त्यामुळे तयारीला वेळ आहे. मुलीला नकाराचे कारण सांगताना वर दिलेले आकडे तिच्यासमोर मांडा, ती ते समजण्याच्या वयाची आहे. दोन माहित्या पत्रात नाहीत: कारखान्याच्या कर्जाची उरलेली मुदत आणि आपल्या दोघांच्या मुदत विम्याची रक्कम. विमा दोन कोटींपेक्षा कमी असेल, तर शाळेचा कोणताही निर्णय घेण्याआधी तो वाढवावा लागेल. या दोन्ही गोष्टी कळवल्यात तर पुढच्या दोन वर्षांत कोणत्या फंडातून किती रक्कम, केव्हा काढून सुरक्षित ठेवींत न्यायची, याचा तक्ता करून देतो.